जुन्या मोटरसायकलचं चार्जिंग सुधारताना: आधी मीटर, मग पाना

आयडलला हेडलाईट पिवळी पडते, हॉर्न दाबला की टेललाईट मान टाकते आणि गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी झोपलेली. ही तक्रार घेऊन बहुतेक जण थेट "मोठा स्टेटर (इंजिनाजवळची वीज बनवणारी स्थिर कॉइल) कुठला बसेल" या प्रश्नावर येतात. माझं मत सरळ आहे, स्टेटर बदलणं ही शेवटची पायरी. आधी गाडी किती करंट खाते ते बघा, मग किती बनवते ते बघा, आणि मग बनलेला करंट बॅटरीपर्यंत पोचतोय का ते बघा. या तिसऱ्या गोष्टीतच निम्म्या गाड्यांचा घोळ निघतो आणि तिथे नवीन पार्ट लागतच नाही, सँडपेपर आणि एक जाड वायर पुरते.

सामान फार नाही. एक बरा डिजिटल मल्टिमीटर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), चांगला क्रिम्पिंग पक्कड (साध्या पकडीने दाबलेले लग, म्हणजे वायरच्या टोकाचे धातूचे जोड, नकोत, प्लीज), हीट श्रिंक, आणि रोटर (स्टेटरजवळ फिरणारा मॅग्नेट) काढायचा असेल तर त्या गाडीचा योग्य पुलर (ओढून काढायचं हत्यार). आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल.

कागदावरचा हिशोब

सगळ्या दिव्यांचे वॉट लिहून काढा. समजा १२ व्होल्टची गाडी आहे, हेडलाईट ३५ वॉट, टेललाईट ५, मीटरचा बल्ब ३, आणि पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारा छोटा स्विच असलेली) कॉइल इग्निशन. साधारण ३ ओहमची कॉइल पॉइंट बंद असताना ४ अँपिअर ओढते, पण पॉइंट सतत उघडझाप करत असल्याने सरासरी २५ ते ३० वॉट धरा. झाले सत्तरच्या आसपास. ब्रेकलाईट २१ वॉटची आहे पण ती अधूनमधून, इंडिकेटर आणि हॉर्नही तसेच, त्यांच्यासाठी वर थोडी जागा सोडा. बॅटरी चार्ज व्हायला काहीतरी उरलं पाहिजे, म्हणजे शंभर-एक वॉट तरी हवेत. गाडी मॅग्नेटोवर (ठिणगीची वीज स्वतःच बनवणारं यंत्र) चालणारी असेल तर मजा आहे, इग्निशनचा खर्च शून्य, इंजिन बॅटरीकडे बघतही नाही.

आता बनवणाऱ्या बाजूला या. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर दिसणारा लुकास कंपनीचा ई३एल डायनॅमो (डीसी वीज बनवणारा) ६ व्होल्टला ६० वॉटचा. नंतरचा आरएम २१ अल्टरनेटर (रोटर आणि स्टेटरची एसी वीज बनवणारी जोडी) १२ व्होल्टला साधारण १२० वॉटचा. पण हे आकडे इंजिन चांगलं फिरत असतानाचे आहेत, ५००० आरपीएमच्या आसपासचे, आयडलला त्यातला छोटासा हिस्साच मिळतो. म्हणून ट्रॅफिकमध्ये लाईट लावून फिरणाऱ्याची बॅटरी बसते आणि हायवेवरच्याची तीच गाडी वर्षानुवर्षं मस्त चालते, दोघांच्या चार्जिंगमध्ये फरक काहीच नसतो.

खर्च कमाईपेक्षा जास्त निघाला तर सगळ्यात सोपा वॉट म्हणजे वाचवलेला वॉट. टेल आणि मीटरचे बल्ब एलईडी करा, ब्रेकचाही करा. लाल काचेमागे लालच एलईडी घाला, पांढरा घातला तर रंग फिकट गुलाबी दिसतो. इंडिकेटर एलईडी केले तर फ्लॅशर पण एलईडीचा लागेल, नाहीतर ते जोरजोरात टकटक करतात किंवा नुसतेच पेटून राहतात. हेडलाईटचा एलईडी जरा जपून, जुन्या रिफ्लेक्टरमध्ये फोकस बसला नाही तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला मात्र रस्ता दिसत नाही.

आत्ता नक्की काय चाललंय ते मोजा

पहिल्यांदा बॅटरी. खराब बॅटरीवर केलेली सगळी मोजमापं फसवी असतात, त्यामुळे चार्जरवर पूर्ण भरा, काही तास नुसती ठेवा आणि मोजा. लेड अ‍ॅसिड १२ व्होल्टवाली १२.६ ते १२.८ दाखवेल, ६ व्होल्टवाली ६.३ ते ६.४. मग इंजिन बंद ठेवून एक मिनिट हेडलाईट लावा, १२ च्या खाली घसरली तर बॅटरीचं आयुष्य संपलंय, आधी ती बदला.

मग गाडी चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवरच मीटर लावा, लाईट लावून आयडलला, २००० ला आणि ४००० ला वाचून घ्या. निरोगी १२ व्होल्ट सिस्टिम मधल्या आरपीएमला १३.८ ते १४.४ दाखवते. आयडलला १२.५ वगैरे दिसलं तर घाबरू नका, जुन्या अल्टरनेटरला ते नॉर्मल आहे. ४००० ला पण १२.५ च असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय, आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) कामातून गेलाय किंवा त्याची अर्थ (बॉडीला किंवा फ्रेमला जाणारी परतीची वायर) सुटलीय, अशी गाडी चालवू नका, बॅटरी उकळेल.

आता स्टेटर. त्याच्या वायरी सिस्टिमपासून सोडवा, इंजिन बंद, मीटर ओहमवर. वायर टू वायर अगदी कमी रेझिस्टन्स दिसला पाहिजे, बऱ्याचदा एक ओहमच्याही खाली. (आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा बघून घ्या आणि तो वजा करा.) मग प्रत्येक वायर ते इंजिन बॉडी. दोन वायरींचा तरंगता स्टेटर असेल तर बॉडीशी काहीच कनेक्शन दिसता कामा नये, दिसलं तर इन्सुलेशन फाटलंय. काही छोट्या गाड्यांत कॉइलचं एक टोक मुद्दामच बॉडीला जोडलेलं असतं, त्यात दोष नाही, त्यावर पुढे येतो. तीन फेजचा, म्हणजे तीन सारख्या कॉइलचा आणि तीन वायरींचा स्टेटर असेल, जपानी गाड्यांवर बहुतेक तिन्ही पिवळ्या, तर कुठल्याही दोन घेऊन तिन्ही जोड्यांचे आकडे सारखेच यायला हवेत.

नंतर इंजिन चालू करून मीटर एसी व्होल्टवर लावा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण आरपीएम दुप्पट केल्यावर व्होल्टेजही जवळपास दुप्पट झालं पाहिजे आणि चढताना अडखळता कामा नये. इथे बरेच जण खूश होऊन थांबतात, पण विनालोड व्होल्टेज कमजोर मॅग्नेटवरही बरं दिसू शकतं. म्हणून १२ व्होल्टचा ६०/५५ चा बल्ब घ्या, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून स्टेटरच्या दोन वायरींवर लावा आणि हळूहळू रेस द्या. पांढराशुभ्र पेटला की पुरे, आणखी पिळलंत तर बल्ब उडेल. तांबडा-पिवळाच राहिला तर रोटरचा मॅग्नेट उतरलाय किंवा कॉइल आतल्या आत शॉर्ट आहे. मॅग्नेट उष्णतेने आणि हातोडीच्या ठोक्यांनी उतरतो, रोटर ठोकून काढणाऱ्यांसाठी खास सांगतोय.

वायरिंग आणि अर्थ

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. ३५ वॉटचा बल्ब ६ व्होल्टला जवळपास ६ अँपिअर ओढतो. वाटेत गंजलेले जोड मिळून ०.१ ओहम जरी झाले तरी ०.६ व्होल्ट गायब, म्हणजे दहा टक्के. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो, दहा टक्के व्होल्टेज गेलं की जवळपास तीस टक्के उजेड जातो. तोच ३५ वॉट १२ व्होल्टला ३ अँपिअर, त्याच जोडांत नुकसान अडीच टक्क्यांच्याही आत. बारा व्होल्टचा खरा फायदा हा आहे, आणि जुनी वायरिंग हार्नेस ठीकठाक असेल तर ती बदलायचीही गरज नाही कारण करंट निम्मा झाला.

टेस्ट अशी करा: लाईट लावून, ३०००-४००० आरपीएमला, मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी रेग्युलेटरच्या प्लस वायरवर. आदर्श आकडा शून्य, ०.२ पर्यंत चालेल, अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर मधला स्विच, फ्यूज होल्डर किंवा अँमीटर (करंट दाखवणारा मीटर) व्होल्टेज खातोय. हेच मायनस बाजूला. मग हेडलाईटच्या अर्थ वायरपासून बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा परतीचा करंट चक्क स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून फ्रेमवर येतो, ग्रीसमधून! हेडलाईटपासून, इंजिनपासून आणि रेग्युलेटरपासून एकेक वेगळी अर्थ वायर थेट बॅटरीला आणा. फ्रेमला जोडायचीच असेल तर पेंट खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या, स्टार वॉशर घाला, वरून ग्रीस लावा.

चार्जिंगच्या मुख्य वायरी अडीच स्क्वेअर एमएमच्या घ्या. सोल्डर मारलेला जोड व्हायब्रेशनने नेमका सोल्डर संपतो तिथे तुटतो, म्हणून नीट क्रिम्प करा आणि जोडाच्या जवळ वायर बांधा. बॅटरीच्या जिवंत (अर्थला न जोडलेल्या) टर्मिनलपासून हातभराच्या आत १५-२० अँपिअरचा मुख्य फ्यूज हवाच. जुन्या गाड्यांत फ्यूजच नसतो ही गोष्ट ओरिजिनल असली तरी जपण्यासारखी नाही.

आणि तो सुंदर मधोमध शून्यवाला अँमीटर. सगळा करंट त्याच्यातून जातो, त्याचा एक नट सैल झाला की अख्खी गाडी रस्त्यात गप्प. मोठा अल्टरनेटर बसवलात तर त्याच्या क्षमतेबाहेर करंट जाईल. मी त्याला बायपास करून जागेवर शोभेला ठेवतो आणि कोपऱ्यात छोटा व्होल्टमीटर लावतो, बॅटरी नक्की भरतेय का हे व्होल्टमीटर जास्त खरं सांगतो.

रेग्युलेटर: अपग्रेडचा खरा जीव

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, परमनंट मॅग्नेटचा अल्टरनेटर बंद करता येत नाही. इंजिन फिरतंय तोवर तो बनवतच राहणार. जुन्या काळी याच्यावर वेगवेगळे जुगाड होते. लुकासच्या तीन वायरींच्या स्टेटरमध्ये लाईटचा स्विच कमी-जास्त कॉइल जोडायचा, नंतर झेनर डायोड आला जो जादाचा करंट उष्णता करून हवेत सोडायचा. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) पण सेलेनियमच्या पत्र्यांचा असायचा. हे सगळं काढून एकच रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवला की निम्म्या कटकटी संपतात. लुकासच्या त्या तीन वायरींच्या स्टेटरवर हिरवी-काळी आणि हिरवी-पिवळी एकत्र करायची, हिरवी-पांढरी वेगळी, झाला तो दोन वायरींचा आणि पूर्ण आऊटपुट मिळालं. झेनर मात्र सिस्टिममधून काढायचाच, दोन रेग्युलेटर एकमेकांशी भांडत बसायला नकोत.

रेग्युलेटर दोन जातीचे. शंटवाला जास्तीचा करंट स्टेटरमध्येच शॉर्ट करतो, त्यामुळे तुम्ही लाईट बंद ठेवा नाहीतर चालू, कॉइल पूर्ण करंट वाहून तापतच राहते. सीरिजवाला गरज नसताना वाट उघडतो, मग कॉइल थंड राहते. जुन्या कॉइलला सीरिज जास्त मानवतो, पण वाट उघडी असताना जास्त आरपीएमला स्टेटरचं व्होल्टेज बरंच चढतं, म्हणून स्टेटरचं इन्सुलेशन धड हवं आणि रेग्युलेटर तेवढ्या व्होल्टेजचा हवा. तीन फेजसाठी शिंडेनगेनचा एसएच ७७५ बरेच जण वापरतात, तो सीरिज आहे. त्याच कंपनीचा एफएच ०२० मॉसफेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) शंट आहे, स्वतः कमी तापतो पण स्टेटरला आराम देत नाही. सिंगल फेजला सिंगल फेजचाच घ्या.

जागा निवडताना हवा आणि धातू दोन्ही बघा. सीटखालच्या बंद डब्यात किंवा बॅटरीला चिकटवून ठेवलेला रेग्युलेटर लवकर मरतो. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, थर्मल पेस्ट, आणि समोरून वारा लागेल अशी जागा.

पॉझिटिव्ह अर्थवाल्या (बॅटरीचा प्लस फ्रेमला जोडलेल्या) गाडीत बसवण्याआधी रेग्युलेटरची बॉडी आणि त्याची मायनस वायर यांच्यात मीटर लावा. कनेक्शन दिसलं तर तो फ्रेमवर थेट आवळला की बॅटरी शॉर्ट, कारण फ्रेम प्लस आहे. बॉडी वेगळी असेल तर काम सोपं, प्लस वायर अर्थला आणि मायनस वायर फ्यूजमधून बॅटरीला. नाहीतर गाडी सरळ निगेटिव्ह अर्थ करून टाका: बॅटरी उलटी, अँमीटरच्या वायरी अदलाबदल, इग्निशन कॉइलच्या दोन्ही वायरी अदलाबदल, इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर तिच्या डायग्रॅमप्रमाणे. साधे बल्ब आणि हॉर्न यांना फरक पडत नाही, एलईडीला पडतो.

डायनॅमोवाल्यांसाठी

डायनॅमो फेकू नका, त्यातून बरंच निघतं. कार्बन ब्रश मोकळे सरकतात का, स्प्रिंगमध्ये दम आहे का, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) स्वच्छ आहे का, त्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आलाय का हे बघा. मग डी (आऊटपुट) आणि एफ (फील्ड कॉइल) टर्मिनल एकत्र जोडून, ड्राइव्ह सोडवून, बॅटरीची जिवंत वायर त्यांना आणि अर्थ बॉडीला क्षणभर द्या, डायनॅमो मोटरसारखा संथ आणि एकसारखा फिरला पाहिजे. अडखळला तर आर्मेचरकडे (आतल्या फिरत्या कॉइलकडे) बघा.

जुना मेकॅनिकल रेग्युलेटर आणि कटआऊट (बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणारा स्विच) यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मिळतो, काही तर त्याच काळ्या डब्यात बसतात, बाहेरून ओळखूही येत नाही. याच डायनॅमोला १२ व्होल्टचा रेग्युलेटर लावता येतो, कारण त्याची खरी मर्यादा करंटची आहे, त्याच करंटला व्होल्टेज दुप्पट म्हणजे वॉट जास्त. पण चार्जिंग सुरू होण्याचा आरपीएम पण साधारण दुप्पट वर जातो. हायवेवर फिरणाऱ्याला चालेल, गल्लीबोळात फिरणाऱ्याने ६ व्होल्टच ठेवून एलईडीवर जावं असं मला वाटतं. अर्थची पोलॅरिटी बदलली असेल तर फील्ड फ्लॅश करायला, म्हणजे डायनॅमोला नवीन पोलॅरिटी शिकवायला, विसरू नका: रेग्युलेटर पूर्ण सोडवा, बॅटरी नवीन पोलॅरिटीने बसवा, आणि तिच्या जिवंत टर्मिनलची वायर एफ टर्मिनलला एकदोनदा क्षणभर टेकवा. छोटी ठिणगी पडते, झालं काम.

हाफ वेव्हचं फुल वेव्ह

ज्या छोट्या-मध्यम गाड्यांत कॉइलचं एक टोक बॉडीला आहे, तिथे हेडलाईट एसीवर आणि बॅटरीला फक्त अर्धी लहर, डायोडमधून. उरलेली अर्धी बॅटरीच्या कामाची नाही. स्टेटर प्लेट बाहेर काढा, अर्थला सोल्डर केलेलं टोक शोधा, ते सोडवून नवीन उष्णता सहन करणारी वायर जोडा, सिलिकॉन स्लीव्ह चढवा, दोऱ्याने बांधून वर वॉर्निश किंवा हाय टेंपरेचर इपॉक्सी, आणि मूळ ग्रोमेटमधून बाहेर आणा. मीटरने खात्री करा की आता दोन्ही वायरी बॉडीपासून सुटल्यात. त्या दोन वायरी फुल वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायरला, आणि हेडलाईट आता बॅटरीवर. जुना एसी रेग्युलेटर काढून टाका, तो राहिला तर एक टोक पुन्हा बॉडीला जोडेल आणि सगळं मुसळ केरात.

याच प्लेटवर इग्निशनची वेगळी कॉइल असते, बारीक तारेची, तिला हात लावायचा नाही. कुठली कुठली हे पक्कं कळत नसेल तर काम थांबवा.

आणि तरीही कमी पडलं तर नवीन अल्टरनेटर

रोटर पुलरनेच काढा. लुकासच्या जुन्या रोटरमध्ये मधला हब सैल होतो आणि इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येतो, लोक बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) गेलं समजून इंजिन उघडतात, तेव्हा हातात घेऊन आधी हलवून बघा. नवीन बसवताना रोटर आणि स्टेटरमधली फट सगळीकडून फिलर गेजने तपासा, ०.२ एमएम किमान, म्हणजे आठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग). एका बाजूला घासत असेल तर स्टेटरच्या स्टडला थोडं सरळ करावं लागतं. क्रँक पण फिरवून पुन्हा तपासा. नटचा टॉर्क मॅन्युअलमधला. प्रायमरी केसमध्ये (इंजिन ते क्लच चेनच्या कव्हरमध्ये) तेलात राहणारा स्टेटर असेल तर रेझिनमध्ये बंद केलेलाच घ्या आणि वायर चेनला लागत नाही ना ते दोनदा बघा.

६ चं १२ करत असाल तर बॅटरी, सगळे बल्ब, हॉर्न, फ्लॅशर आणि इग्निशन कॉइल बदलावी लागेल. पॉइंट आणि कंडेन्सर तेच चालतात. लिथियम बॅटरी घालायचा मोह होतो, पण ती फक्त नेमक्या व्होल्टेजच्या रेग्युलेटरवर, झेनर किंवा मेकॅनिकलवर अजिबात नाही.

शेवटची फेरी पुन्हा त्याच तीन आरपीएमला, त्याच मीटरने. मग चावी बंद करून बॅटरीच्या जिवंत वायरमध्ये मिलिअँपिअरवर मीटर लावा, काही मिलिअँपिअरच्या पुढे गळती असेल तर बॅटरी पुन्हा झोपणार. चालू इंजिनवर बॅटरी सोडून "चार्जिंग येतंय का" बघायची जुनी सवय असेल तर ती आता विसरा, व्होल्टेजचा झटका नवीन इलेक्ट्रॉनिक्सला मारतो. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर गाडी थांबवून लगेच स्टेटरच्या कनेक्टरला हात लावा. कोमट चालेल, पण चटका बसला किंवा प्लास्टिक तपकिरी दिसलं तर क्रिम्प कच्चा आहे, तो कापून नवीन मारा.